'सतर्क राहा' म्हणजे नेमकं काय करायचं?

पायरीवरचा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा एक प्रश्न.

मागे एकदा रात्री शहर प्रशासनाचा मेसेज आला. 'परिसरातील एका कारखान्यात वायुगळती झाली असून परिस्थिती नियंत्रणात आहे. नागरिकांनी घाबरून न जाता सतर्क राहावे व अफवांवर विश्वास ठेवू नये.' बस्स. कोणता वायू, कुठला कारखाना, वारा कुठल्या दिशेला, काही नाही. घरात लगेच दोन पक्ष पडले. आई म्हणे खिडक्या उघडा, आत साठला तर गुदमरू. बायको म्हणे बंद करा, बाहेरचं आत येईल. शेवटी तडजोड म्हणून अर्ध्या उघडल्या आणि बसलो सतर्क. म्हणजे जागे.

प्रश्न असा: असले मेसेज लिहितं कोण? आणि त्यात 'हे करा' असं एक वाक्य घालायला अडचण काय असते? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बाकीच्यांनी टॉर्च मारला तरी चालेल.

खिक्कन

'घाबरून न जाता' वाचलं की मी आधी घाबरून घेतो, मग पुढचं वाचतो.

रानवारा

आधी खिडक्यांचं सांगतो, कारण ते महत्त्वाचं आहे. अर्ध्या उघडणं दोन्ही बाजूंनी चूक.

घरातला स्वयंपाकाचा गॅस गळला तर दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. चालूही नाही, बंदही नाही. बाहेर कारखान्यातून विषारी वायू सुटला असेल तर बरोबर उलटं. खिडक्या बंद, बाहेरची हवा आत ओढणारं सगळं बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल, आणि रस्त्यापासून लांबच्या आतल्या खोलीत जायचं. त्यातही क्लोरीन असेल तर तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. तेव्हा तळघरात लपणं म्हणजे स्वतःहून त्याच्या तोंडी जाणं, वरचा मजला बरा.

म्हणजे नुसतं 'वायुगळती' लिहिलं तर एकाच मेसेजवरून लोक दोन विरुद्ध गोष्टी करणार. तुमच्या घरात तेच झालं.

पायरीवरचा

@रानवारा, धन्यवाद. आईला दाखवलं. ती म्हणते, 'मग हेच त्यांनी का नाही लिहिलं?'

जुनी_नोंदवही

काकूंचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्यायचा थोडाफार अधिकार मला आहे, अशाच एका कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत. कुठल्या ते विचारू नका.

जागेवरून वायरलेसवर येतं ते साधारण असं: 'अमोनिया आहे, व्हॉल्व्ह बंद करताहेत, वारा पूर्वेकडे, खालच्या वस्तीला आत राहायला सांगा.' ड्यूटीवरचा माणूस हे जसंच्या तसं लिहून घेतो. मग तो कागद वर जातो. पहिले साहेब म्हणतात, अमोनिया अजून खात्रीशीर नाही, काढा. दुसरे म्हणतात, वस्तीचं नाव नको, तिथले लोक रस्त्यावर येतील. तिसरे म्हणतात, परिस्थिती नियंत्रणात आहे हे घाला, विरोधी पक्ष टपलेलाच आहे. पाऊण तासाने कागद खाली येतो तेव्हा त्यात 'सतर्क राहा' एवढंच उरलेलं असतं. ते कुणी लिहिलेलं नसतं, बाकीचं काढल्यावर शिल्लक राहिलेलं असतं.

याला कुणी दुष्ट आहे असं समजू नका. 'घर सोडा' म्हटलं आणि पळापळीत कुणी दगावलं तर खाली सही असलेल्याची चौकशी लागते. 'सतर्क राहा' म्हटल्याबद्दल कुणाची चौकशी झालेली मी तरी पाहिली नाही.

दुपारची_झोप

'शिल्लक राहिलेलं असतं' याला +१. फ्रेम करून लावा.

शंकासूर

मी जरा उलट बाजूने बोलतो. पहिल्या अर्ध्या तासात खरंच कुणाला काही माहीत नसतं. अशा वेळी ठाम सूचना द्यायची आणि ती चुकली तर? लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं आठवा. २०१७ मध्ये आग लागली रात्री एकच्या सुमारास. रहिवाशांना सूचना होती, आपापल्या घरात थांबा. नियम म्हणून ती चुकीची नव्हती, आग एकाच घरात अडून राहील हे त्यात गृहीत होतं. पण आग बाहेरच्या आवरणावरून चढत गेली आणि 'थांबा' ही सूचना मागे घ्यायला रात्रीचे २:४७ झाले. ७२ माणसं गेली. त्यांच्याकडे स्पष्ट सूचना होती, तीच अंगाशी आली.

रानवारा

@शंकासूर, उदाहरण बिनतोड आहे, निष्कर्ष पटला नाही. तिथे चूक स्पष्ट बोलण्याची नव्हती, बोललेलं वेळेत न बदलण्याची होती. मोघम बोलणाऱ्याला आपलं म्हणणं बदलावंच लागत नाही, हीच तर त्यातली सोय.

अटकेपार

चुकीच्या मेसेजचा विषय निघाला तर अमेरिकेच्या हवाई बेटांशिवाय पुढे जाता येणार नाही. १३ जानेवारी २०१८, सकाळी ८:०७. तिथल्या सगळ्या फोनवर मेसेज: क्षेपणास्त्र हवाईच्या दिशेने येत आहे, ताबडतोब आसरा घ्या, हा सराव नाही. लोकांनी मुलांना बाथटबमध्ये झोपवलं, गटारांची झाकणं उघडली.

दुरुस्तीचा मेसेज फोनवर आला ८:४५ ला. मधली ३८ मिनिटं काय चाललं होतं? चूक काही मिनिटांतच लक्षात आली होती. पण 'मागचा मेसेज खोटा होता' असा मेसेज पाठवायची तयारीच कुणी करून ठेवली नव्हती. धोक्याचा मजकूर तयार, धोका टळल्याचा नाही. गव्हर्नरांना दोन मिनिटांत कळलं होतं, पण ट्विटरचं लॉगिन आठवेना. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं.

खिक्कन

पासवर्ड विसरलात? क्षेपणास्त्र पडण्यापूर्वी येथे टिचकी मारा.

सुईदोरा

माझी वेगळीच तक्रार. आमच्याकडे वादळाचा इशारा मला आला संध्याकाळी, नवऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी, सासूबाईंना आलाच नाही. एकाच घरात तीन हवामानं. असं का होतं?

तारायंत्र

@सुईदोरा, कारण तो साधा एसेमेस असणार. एसेमेस म्हणजे एकेका नंबरला वेगळं पत्र. लाखो नंबर, एकामागून एक. त्यात संकटाच्या वेळी सगळेच फोन लावत बसलेले, म्हणजे लाइन तुंबलेली. शिवाय यादीत नंबर हवा. परगावाहून आलेला पाहुणा यादीत कुठून असणार?

सेल ब्रॉडकास्ट ही निराळी भानगड आहे. त्यात टॉवर आपल्या टापूत एकदाच ओरडतो आणि तिथल्या सगळ्या फोनना ते एकदम ऐकू येतं. नंबर लागत नाही, गर्दीने अडत नाही, फोन सायलेंटवर असला तरी कर्कश वाजतो. प्रशासनाला तुम्ही कोण हेही कळत नाही, त्यामुळे पाळत ठेवल्याची ओरडही फिजूल.

नेदरलँड्सकडे हे २०१२ पासून आहे. जर्मनीने कंटाळा केला. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी देशभर इशाऱ्यांची चाचणी घेतली, सकाळी ११ ला वाजायचे ते अ‍ॅपवरचे इशारे अर्धा तास उशिरा वाजले. पुढच्याच जुलैत पूर आला, १८० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर सेल ब्रॉडकास्ट आणायचं ठरलं, ते सुरू व्हायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं.

कोरी_पाटी

तारायंत्र यांनी छान सांगितलं. एक बाजू सहसा कुणाच्या लक्षात येत नाही ती मांडते.

घरात मारहाण सोसणाऱ्या कित्येक बायकांकडे एक लपवलेला फोन असतो. कपाटात, पिठाच्या डब्यात, कुठेही. मदत मागायला तेवढी एकच वाट. सायलेंटवर ठेवलेला तो फोन भर दुपारी घरभर कोकलायला लागला तर काय होईल? ब्रिटनमध्ये एप्रिल २०२३ च्या चाचणीआधी या क्षेत्रातल्या संस्थांनी हा मुद्दा लावून धरला आणि सेटिंगमध्ये जाऊन इशारे बंद कसे करायचे ते अशा बायकांपर्यंत पोचवलं. चाचणी कधी हे आधी जाहीर करायचं ते यासाठीही.

सुईदोरा

@कोरी_पाटी, हे कधी मनातही आलं नव्हतं.

तारायंत्र

मी तंत्राची बाजू सांगत राहिलो, हे त्यात येतच नाही. महत्त्वाचं आहे.

जाता जाता, त्याच चाचणीत वेल्श भाषेतल्या मजकुरात एक घोटाळा होता. 'सुरक्षित' या अर्थाच्या शब्दाच्या जागी 'व्होगेल' छापून आलं. व्होगेल हे स्लोव्हेनियातलं बर्फावर घसरायला जायचं ठिकाण आहे.

खिक्कन

तिकडे सुरक्षित असेलही.

मावळतीकर

हसण्यावारी नेऊ नका. फ्लोरिडात २०१७ च्या इर्मा वादळाच्या वेळी एका काउंटीच्या पत्रकार परिषदेत खुणांच्या भाषेसाठी ऐन वेळी जो माणूस हाताशी होता तो उभा केला. त्याला ती नीट येत नव्हती. घर सोडण्याच्या सूचनांऐवजी बहिऱ्या प्रेक्षकांना दिसलं 'पिझ्झा', 'राक्षस' असलं काहीबाही. बोलणाऱ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण ते भाषांतर कळणारं त्या खोलीत कुणी नव्हतंच.

माझे वडील पूर्ण अंध. शहराकडून पूररेषेचा नकाशा येतो तो चित्र म्हणून. त्यांचा फोन वाचून दाखवतो: 'चित्र'. झालं. तोच मजकूर दोन ओळींत टाइप करायला काय जातं? लाल पट्टा, पिवळा पट्टा, सगळं डोळसांसाठी.

भरतीओहोटी

एवढं तंत्र कशाला, पूर्वीचा भोंगा काय वाईट होता? वाजला की सगळ्यांना कळायचं. ना चार्जिंग, ना रेंज.

रानवारा

@भरतीओहोटी, काय कळायचं? 'काहीतरी आहे' एवढंच. दोन दाखले देतो.

डॅलस, एप्रिल २०१७. कुणीतरी खोडसाळपणा करून शहरातले १५६ च्या १५६ भोंगे मध्यरात्रीच्या आधी वाजते केले. दीड-एक तास चालू-बंद. लोकांनी काय केलं? कशाबद्दल आहे हे विचारायला आपत्कालीन नंबर लावला. सुमारे ४,४०० फोन. ज्याला खरंच अँब्युलन्स हवी होती तो रांगेत.

दुसरा जास्त वाईट. ऑगस्ट २०२३, लाहैना, हवाईतलं मावी बेट. वणवा गावात शिरला, भोंगे वाजवलेच नाहीत. तिथल्या आपत्कालीन प्रमुखांचं म्हणणं, हे भोंगे मुख्यतः त्सुनामीचे, वाजले असते तर लोक सवयीने डोंगराकडे पळाले असते आणि आग तिकडेच होती. हे सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. ते चूक की बरोबर यावर अजून वाद घालता येईल. पण जो भोंगा धोक्यात वाजवायचीच भीती वाटते, त्याचं काय करायचं?

भरतीओहोटी

पण त्याच लाहैनात वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क बसलं, फोनवरचे इशारे अनेकांना मिळालेच नाहीत. तुमचं सेल ब्रॉडकास्टही टॉवर उभा असेपर्यंतच. भोंगा सगळं सांगत नाही हे मान्य. पण झोपलेल्याला उठवतो आणि रेडिओ लावायला लावतो. नेदरलँड्सवाले फोनवर इशारे देतात, शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी १२ ला भोंगेही वाजवून बघतात. उगाच का?

तारायंत्र

हे मान्य. एकाच दोरीवर लोंबकळू नये. फोन, भोंगा, रेडिओ आणि शेवटी गल्लीतून कर्णा घेऊन फिरणारा माणूस.

दुपारची_झोप

मूळ रोग वेगळा आहे. पावसाळ्यात रोज इशारा. पिवळा, नारिंगी, पुन्हा पिवळा. मी वाचणंच सोडलंय.

अटकेपार

@दुपारची_झोप, तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत जॉप्लिनला मे २०११ मध्ये टॉर्नेडो आला, १५० हून जास्त बळी. भोंगे आधी वाजले होते. पण तिथे भोंगे इतक्यांदा वाजायचे की कित्येकांनी आधी टीव्ही पाहिला, आकाश पाहिलं, शेजाऱ्याला विचारलं, मग हलले.

आणि त्याच्या उलट टोकाला स्पेनमधल्या वालेन्सियाचा पूर, २९ ऑक्टोबर २०२४. हवामान खात्याचा लाल इशारा सकाळीच आला होता. फोनवरचा इशारा गेला रात्री ८:११ ला. तोवर लोक पाण्यात होते, गाड्यांत, तळमजल्यांवर. मेसेजमध्ये काय? प्रवास टाळा. तिथे मजकूर चांगला असता तरी काय उपयोग होता?

शंकासूर

म्हणजे फार ओरडलं तरी लोक मरतात, उशिरा ओरडलं तरी मरतात. मग मोजायचं कसं?

जुनी_नोंदवही

@शंकासूर, याचं एक उत्तर माझ्या अनुभवातून. लोक इशाऱ्यांना कंटाळत नाहीत, निरर्थक इशाऱ्यांना कंटाळतात. डेनिस मिलेटी नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनी आयुष्यभर हेच अभ्यासलं. चांगल्या इशाऱ्यात काय हवं ते त्यांनी साधं सांगितलं: धोका कसला, कुठे, कधीपर्यंत, काय करायचं, आणि हे सांगतंय कोण. अटकेपार म्हणतात ते शेजाऱ्याला विचारणंसुद्धा माणूस मूर्ख आहे म्हणून नसतं. संकटाची बातमी कुणीच एका तोंडून ऐकून मानत नाही, दुसऱ्याकडून खात्री करतोच. मेसेज जितका अर्धवट तितका त्या खात्रीत वेळ जास्त जातो.

आणि अफवेचं म्हणाल तर ती त्याच फटीतून शिरते. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' याला काडीचा अर्थ नाही, कारण अफवा वाचणाऱ्याला ती अफवा वाटतच नसते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पोलिसांनी जानेवारी २०११ च्या पुरात हे नीट हाताळलं. अमुक धरण फुटल्याची बातमी फिरते आहे, ती खोटी आहे, असं एकेक नाव घेऊन, तिथल्या तिथे, स्वतःच्या पानावर.

संपादक

एक प्रतिसाद उडवला आहे. प्रश्न सगळ्याच शहरांचा आहे, आपापल्या नगरसेवकांची धुणी इथे नकोत. चालू द्या.

खिक्कन

संपादकांच्या निरोपात कोण, कुठे, का, सगळं आलं. यांना कंट्रोल रूममध्ये घ्या.

ओंजळ

उशिरा आले, सगळा धागा वाचला. भाषेबद्दल एक. जपानात २०११ च्या त्सुनामीत ओआराई नावाच्या गावाने कर्ण्यावरून 'कृपया स्थलांतर करावे' छापाची घोषणा टाकून थेट आज्ञा दिली. उंचावर जा. ऐकणारे दचकले, कारण सरकार असं बोलत नाही. त्यानंतर तिथल्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या निवेदकांनीही सूर बदलला. नोतोच्या भूकंपात, १ जानेवारी २०२४ ला, निवेदिका अक्षरशः ओरडत होती.

दुसरं त्यांनी केलं ते मला जास्त आवडलं. त्यांच्याकडे घर सोडण्याची 'शिफारस' आणि घर सोडण्याचा 'आदेश' अशा दोन पायऱ्या होत्या. लोक शिफारशीला हलत नसत, आदेशाची वाट बघत, तोवर पाणी आलेलं. मे २०२१ मध्ये शिफारस रद्दच केली. आता आदेशच.

आपल्या सगळ्या सरकारी मराठीत 'नागरिकांनी दक्षता घ्यावी' असतं. कोण घेणार, कसली, किती वाजेपर्यंत?

पायरीवरचा

वा, ओंजळ. मग लावूया का हात? माझ्या त्या रात्रीचा मेसेज पुन्हा लिहू. माझा प्रयत्न:

'अग्निशमन दल, रात्री ९:४०. नदीकाठच्या बर्फ कारखान्यातून अमोनिया गळत आहे. कारखान्याच्या पूर्वेला राहणाऱ्यांनी आत्ता घरात जा, दारं-खिडक्या लावा. बाकी भागाला धोका नाही. पुढचा निरोप १०:१० ला.'

तारायंत्र

लांबी चालेल. अमेरिकेत पूर्वी ९० अक्षरांची मर्यादा होती. न्यूयॉर्कमध्ये २०१६ च्या स्फोटानंतर संशयिताचा इशारा पाठवला तेव्हा फोटोला जागाच नव्हती, 'फोटो बातम्यांत पाहा' असं लिहावं लागलं. पुढे मर्यादा ३६० केली. त्यात तुमचं आरामात बसतं.

रानवारा

'पूर्वेला' काढा. रात्री कुणाला पूर्व कळते? रस्त्याचं किंवा पुलाचं नाव घाला. आणि रस्त्यावर असलेल्यांचं काय? 'वाऱ्याला आडवे चालत लांब जा' हवं.

मावळतीकर

'बाकी भागाला धोका नाही' हे पहिल्या मेसेजमध्ये लिहाल? वारा फिरला तर?

शंकासूर

मावळतीकरांशी सहमत. 'सध्या फक्त या भागासाठी' एवढंच लिहा.

ओंजळ

आधी 'काय करा', मग कारण. घाईत माणूस पहिली ओळच वाचतो.

जुनी_नोंदवही

'पुढचा निरोप १०:१० ला' हे सगळ्यात उत्तम, आणि हेच कुणी मंजूर करणार नाही. कारण मग १०:१० ला पाठवावा लागतो. काही नवीन नसेल तर 'अजून गळती चालू आहे, आतच थांबा' एवढं तरी. आमच्याकडे यावर भांडण झालेलं आहे. नवीन काही नसताना काय बोलायचं, असा वरून सवाल. लोक मात्र तेवढ्यात खिडकी उघडून वास घेऊन बघतात.

सुईदोरा

पाण्याचंही असंच ना? 'पाणी दूषित, काळजी घ्यावी' आलं की मी उकळते.

रानवारा

जंतू असतील तर उकळून चालतं. रसायन सांडलं असेल तर उकळून जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. 'उकळून प्या', 'पिऊ नका' आणि 'अंघोळीलाही वापरू नका' अशा तीन वेगळ्या सूचना असतात. 'काळजी घ्यावी'मध्ये तिन्ही बुडाल्या.

सुईदोरा

अरे देवा. आता प्रत्येक वेळी फोन करून विचारणार.

जुनी_नोंदवही

विचारा. आम्हाला राग यायचा अशा फोनांचा, पण एकच प्रश्न पन्नास जणांनी विचारला की साहेबांना दाखवता यायचं, बघा मेसेजमध्ये हे राहिलंय.

भरतीओहोटी

आणि धोका टळल्याचा मेसेज? पायरीवरचा, तो आला होता का तुम्हाला?

पायरीवरचा

नाही. सकाळी दूधवाल्याकडून कळलं.

शंकासूर

टळल्याचा मेसेज लिहिणं जास्त अवघड आहे असं माझं मत. सुरू झालं हे दिसतं, संपलं हे कुणी सही करून सांगायचं?

जुनी_नोंदवही

ज्याने सुरू झालं म्हणून सही केली, त्यानेच. पण तो तोवर ड्यूटी संपवून घरी गेलेला असतो, म्हणून नोंदवहीत रकाना हवा.

शंकासूर

रकान्यावर माझा विश्वास नाही. वेगळा धागा काढतो.